बहीण पोलंडमधल्या तोरुनला चाललीय, गाव कसं आहे? कुणी राहिलंय का तिथं?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला पोलंडमधल्या तोरुन नावाच्या गावात पीएचडीला ॲडमिशन मिळालीय, विषय खगोलशास्त्र, ऑक्टोबरात निघायचंय. घरात सगळे खूष आहेत पण आईचे प्रश्न काही संपेनात. युक्रेनच्या शेजारीच ना ते, तिथं लढाई चाललीय ना, पोरगी खाणार काय, थंडीत आजारी पडली तर बघणार कोण. मी नेटवर शोधलं तर जिकडं बघावं तिकडं लाल विटांच्या इमारती आणि कोपर्निकसचा पुतळा, दोन तासात गाव बघून पुढच्या गाडीला पळणाऱ्या लोकांचे व्हिडिओ.

मला ते नकोय. आता आपल्या सांगलीचंच घ्या, पाहुण्याला आपण गणपती मंदिर आणि आयर्विन पूल दाखवतो, पण राहायला येणाऱ्याला पुराचं पाणी कुठल्या गल्लीपर्यंत येतं ते सांगतो, हळद कधी निघते, मिरजकरांपुढं कशाचा विषय काढायचा नाही हे सांगतो (हलकं घ्या मिरजकर). तसं काहीतरी हवंय. इतिहासही चालेल, वडिलांना त्यात गोडी आहे, ते हल्ली जेवण झालं की मोबाईलवर पोलंडचा नकाशा उघडून बसतात.

भडंग_आणि_चहा

नाव वाचून मला वाटलं दाराला बांधायचं तोरण. शुभ आहे की मग, काय काळजी करता 😄

बाकी माहिती नाही, पण वाचायला बसलोय.

मिरजेची_तार

मिरजकर हजर आहे, आणि हलकं घेतलेलं नाही.

मी होतो तोरुनला, पावणेदोन वर्षं, तिथल्याच युनिव्हर्सिटीत, मार्च २०१८ चा तो पहिला बंद रविवार मी तिथं भोगलाय (त्याचं पुढं सांगतो). आधी आईंना सांगा की युक्रेनची हद्द तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे, आणि गाव लहान, दोन लाखांच्या आतबाहेर वस्ती, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडच्या निम्म्याहून कमी. चालत सगळं होतं, नाहीतर ट्राम आहे. ट्राममध्ये तिकीट काढून खिशात ठेवलं म्हणजे झालं असं नसतं हां, आत एक छोटं मशीन असतं त्यात ते तिकीट घालून शिक्का मारून घ्यायचा, मी पहिल्याच आठवड्यात शिक्का न मारता बसलो आणि साध्या कपड्यातला चेकर निघाला शेजारचाच माणूस. दंड भरला.

रेल्वे स्टेशन नदीच्या पलीकडं आहे, गाव अलीकडं. नदीचं नाव ते लिहितात विस्ला पण त्या ल वर एक तिरकी रेघ असते आणि तसा ल म्हणजे व, म्हणून विस्वा. आता तुम्ही सांगलीवाडीकडनं आयर्विन पुलावर येताना कृष्णेच्या पलीकडं सांगली दिसते बघा, तसंच, बसने पुलावर आलं की समोर सगळं जुनं गाव एका ओळीत दिसतं, तट, चर्चचे मनोरे, सगळं लाल. मी रात्री पोचलो होतो, दिवे लावलेले, दमलेलो होतो तरी बॅग मांडीवर घेऊन बघतच बसलो. पात्र मात्र कृष्णेपेक्षा लई मोठं.

लाल विटांचं कारण मला तिथल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने सांगितलं, त्या सपाट मुलखात बांधकामाचा दगडच नाही, मग भाजलेली वीट. आपल्याकडं काळ्या फत्तराला तोटा नाही त्यामुळं हे डोक्यातच येत नाही. तटाचा एक बुरूज जमीन भुसभुशीत म्हणून कलंडलाय, दीड मीटरच्या आसपास झुकलाय. त्याच्या कललेल्या भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून हात पुढं करून उभं राहायचं, तोल गेला तर तुम्ही पापी. भिंतच पुढं झुकलेली म्हटल्यावर टिकणार कोण, मी तीनदा पडलो.

आता रोजचं. सगळ्यात आधी रविवार. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं, मॉल बंद ठेवायचा कायदा आहे, २०१८ च्या मार्चपासून सुरू झाला. मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असेल तर मला पोलिश कळलं नसेल, मी बर्फातनं पिशवी घेऊन सुपरमार्केटला गेलो आणि दार बंद, आत दिवा नाही, दारावर कागद. घरी दूध नाही, ब्रेड नाही, होता तो शेवटचा भडंगाचा पुडा, तो संपवला. लहान दुकानं, जिथं मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, ती उघडी असतात. झाब्का नावाची दुकानं गल्लोगल्ली आहेत, झाब्का म्हणजे बेडकी, त्यातली बरीच चालू असतात. शनिवारी भाजीपाला भरून ठेवायची सवय लावून घ्यायला सांगा.

बेडकावरनं आठवलं, गावातल्या टाऊन हॉलजवळ एक कारंजं आहे, मधी व्हायोलिन वाजवणारा पोरगा आणि भोवती बेडूक. गोष्ट अशी की गावात बेडकांचा सुळसुळाट झाला, मग एका तराफेवाल्याने व्हायोलिन वाजवत सगळे बेडूक गावाबाहेर नेले. तराफेवाले म्हणजे विस्वावरनं लाकूड, धान्य तराफ्यांवर टाकून पार समुद्रापर्यंत, ग्दान्स्कला न्यायचे ते लोक. त्याच चौकाच्या कडेला एक ब्राँझचं गाढव आहे, पोरं त्याच्यावर बसून फोटो काढतात, पण पूर्वी तिथं शिक्षेचं लाकडी गाढव होतं, पाठीवर धारदार पत्रा, गुन्हा केलेल्या शिपायाला त्यावर बसवायचे. फोटो काढणाऱ्यांना कुणी सांगत नाही 😅

माणसं सुरुवातीला थंड वाटतात. अनोळखी माणसाकडं बघून उगाच हसायची पद्धत नाही, पण दुकानात शिरताना "जेन दोब्री" म्हणायचंच, न म्हणता शिरलं तर ते उद्धट. मोठ्या माणसाला एकेरीत बोलायचं नाही, पुरुषाला पान, बाईला पानी, आपल्या अहो-जाहोसारखंच. मला वाटतं इंग्लंड-अमेरिकेपेक्षा आपल्या माणसाला हे लवकर जमतं. आणि घरात चपला काढून जायचं, ते लोकही काढतात, पाहुण्याला घालायला सपाता देतात. माझी ती म्हातारी शेजारीण, सहा महिने नुसतं जेन दोब्री, सातव्या महिन्यात ताप आला तर दारात सूपचं पातेलं घेऊन उभी. आईंना हे नक्की सांगा.

गावाचा खरा जीव सांगू का, पिएर्निकी. मसाल्याची मधातली बिस्किटं. जुन्या पोलिशमध्ये पिएर्नी म्हणजे मिरीसारखं तिखट, त्यावरनं नाव. मध तिथल्या जंगलातला आणि मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, जायफळ ही सगळी आपल्या बाजूची, जहाजांनी फिरत फिरत तिकडं पोचलेली. गावात पिएर्निकी करणारी एक कंपनी आपला धंदा १७६३ पासूनचा सांगते. शोपँ संगीतकार, तो पोरसवदा असताना १८२५ ला तोरुनला आला आणि मित्राला पत्र लिहिलं त्यात इमारती राहिल्या बाजूला, कौतुक जास्त पिएर्निकीचं. त्यांची एक जुनी म्हण आहे, ग्दान्स्कची दारू, तोरुनचं पिएर्निक, क्राकूवची पोरगी आणि वॉर्साचा जोडा. मी लॅबमध्ये सांगितलं आमच्याकडं पण आहे, सांगलीचं भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे, कोल्हापूरची चप्पल. पोरगी कुठली विचारलं त्यांनी, मी म्हटलं त्यावर भांडणं होतील.

आणि हो, रविवारी अख्खं गाव बंद आणि दुपारी लांबून मोठा घरघराट आला तर घाबरू नका म्हणावं, ती मोटरसायकलची शर्यत असते, झुझेल म्हणतात. मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार गडी, चार फेऱ्या, गाडीला ब्रेकच नाही, एकच गियर. त्यासाठी गावात २००९ ला वेगळं स्टेडियमच बांधलंय. आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतीला जसं म्हातारं-कोतारं सगळं जमतं तसंच, आणि धुरळाही तेवढाच.

अजिंक्यतारा_७४

विश्रामबागकर, तुमच्या वडिलांसाठी लिहितो. मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त, तोरुनला गेलेलो नाही पण पोलंडचा नाद मला वेगळ्याच कारणाने लागला, ते शेवटी सांगतो.

गावाला सनद मिळाली १२३३ ला, ट्युटॉनिक नाइट्सनी दिली, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांची संघटना, धर्माच्या नावाने आले आणि राज्य करून बसले. गाव व्यापाराने गब्बर झालं, हान्सा म्हणून उत्तरेकडच्या व्यापारी शहरांची युती होती त्यात सामील. आणि मग या व्यापाऱ्यांनाच नाइट्सचा जाच सोसेना, १४५४ ला उठाव केला, गावातला त्यांचा किल्ला पाडला, पोलंडच्या राजाला म्हणाले आम्हाला पदरात घ्या. तेरा वर्षं लढाई चालली आणि १४६६ ला तह झाला तो तोरुनलाच. किल्ल्याचे पडके अवशेष अजून तसेच ठेवलेत, पुन्हा बांधला नाही. आम्हा साताऱ्याच्या लोकांना पडका किल्ला म्हटलं की कसंसंच होतं, पण तिथं गावकऱ्यांनीच पाडला आणि त्याचा अभिमान आहे, हे मला फार मजेशीर वाटतं.

तहानंतर सात वर्षांनी, १९ फेब्रुवारी १४७३, कोपर्निकस जन्मला. बाप तांब्याचा व्यापारी, मुलगा दहा वर्षांचा असताना वारला, मग मामाने सांभाळलं, मामा पुढं बिशप झाला. अठरा-एकोणीसाव्या वर्षी पोरगा शिकायला क्राकूवला गेला, नंतर इटली, आणि आयुष्याचं मुख्य काम केलं ते लांब फ्रोम्बोर्कला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते सांगणारा त्याचा ग्रंथ छापून झाला १५४३ ला, त्याच वर्षी गेला. म्हणजे तोरुनने त्याला घडवलं किती हा प्रश्नच आहे, पण पुतळा तोरुनचा, युनिव्हर्सिटीला नाव त्याचं. पुतळ्याखाली लॅटिनमध्ये लिहिलंय, पृथ्वीला हलवणारा, सूर्याला आणि आकाशाला थांबवणारा. तो जर्मन की पोलिश यावर दोन्हीकडचे लोक शेकडो वर्षं भांडले. गावात शेठ लोक जर्मन बोलणारे आणि राजनिष्ठा पोलिश राजाशी, अशा ठिकाणच्या माणसाला आजच्या खात्यात कसं बसवणार.

हे सगळं गुण्यागोविंदानं चाललं असं मात्र समजू नका. १७२४ ला कॅथलिक आणि लुथरन यांच्यात दंगल झाली आणि शेवट काय तर गावाच्या लुथरन महापौराचं आणि आणखी नऊ जणांचं मुंडकं उडवलं. १७९३ ला प्रशिया या जर्मन राज्याने गाव गिळलं, मधली नेपोलियनची काही वर्षं सोडली तर जर्मनांकडंच राहिलं ते जानेवारी १९२० पर्यंत. प्रशियाने गावाभोवती किल्ल्यांचं कडं उभारलं, पण आपल्यासारखे डोंगरावरचे नाहीत, विटांचे, अर्धे मातीत गाडलेले. १९३९ ला जर्मन परत आले तेव्हा याच किल्ल्यांपैकी एकात गावातले शिक्षक, पाद्री, पुढारी कोंडले आणि बार्बार्का नावाच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. शिक्षक म्हणून मला हे वाचताना जड गेलं. इमारती मात्र वाचल्या. वॉर्साचं जुनं शहर युद्धानंतर पहिल्यापासून बांधलेलं आहे, तोरुनचं बरंचसं अस्सल आहे, म्हणून १९९७ ला युनेस्कोच्या यादीत गेलं.

आता माझं कारण. माझे आजोबा पाचगणीला होते, बेकरीत कामाला. ते सांगायचे की लढाईच्या काळात गावात गोरी पोरं आली पण साहेबाची नव्हेत, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, बोटं दाखवून पाव मागायची. घरात आम्ही ती आजोबांची बात म्हणून सोडून देत होतो. पुढं मी वळिवड्याचं वाचलं तेव्हा टोटल लागली. स्टालिनने पूर्व पोलंडमधली माणसं १९४० च्या सुमारास उचलून सायबेरियात टाकली, तिथून सुटलेली इराणमार्गे आली, त्यातली पाचेक हजार कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते ४८ राहिली. शाळा, चर्च, सगळं उभं केलं तिथं. छातीचं दुखणं असलेल्यांना हवेसाठी पाचगणीला पाठवायचे, ती आजोबांची पोरं. पोलिश लोक गेल्यावर छावणीच्या जागी फाळणीतले सिंधी आले, आज आपण गांधीनगर म्हणतो ते.

याचा तोरुनशी काय संबंध म्हणाल, तर वळिवड्याच्या बहुतेकांना युद्ध संपल्यावर घरी जाताच आलं नाही, कारण घर होतं तो भाग सोव्हिएतच्या नकाशात गेला, विल्नो (आताचं विल्नियस), ल्वूव (आताचं ल्विव) वगैरे. आणि त्याच वेळी विल्नोमधून हाकललेले प्राध्यापक पेट्या घेऊन तोरुनला उतरले आणि १९४५ मध्ये युनिव्हर्सिटी उभी राहिली. तुमच्या बहिणीचं डिपार्टमेंटसुद्धा विल्नोहून आलेल्या माणसांनी सुरू केलं, त्यात विल्हेल्मिना इवानोव्स्का नावाच्या बाई होत्या, त्या पुढं मोठ्या खगोलशास्त्रज्ञ झाल्या. म्हणजे भिंती सातशे वर्षांच्या, जर्मन बरेच निघून गेलेले, आणि आतली कितीतरी माणसं पंचेचाळीस सालची. तुमच्या बहिणीला घरमालकीण भेटेल तिला विचारायला सांगा आजी-आजोबा कुठले. उत्तर तोरुन असं येणार नाही, अशी माझी पैज.

मिरजेची_तार

सर, पैज जिंकलात! माझी ती सूपवाली शेजारीण विल्नोकडचीच, आईच्या कडेवर आली म्हणायची. मी हे इतके दिवस जोडून बघितलंच नव्हतं.

विश्रामबागकर

सर, वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते लहानपणी गांधीनगरला कापड घ्यायला जायचे, तिथं आधी कोण होतं हे आज कळलं त्यांना. आता रविवारी गाडी काढ म्हणतायत, कोल्हापूरला महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचा स्तंभ आहे तो बघायचाय.

बहिणीला इवानोव्स्का बाई माहीत होत्या, मलाच काही माहीत नाही असं तिचं म्हणणं पडलं. म्हणाली ज्यांनी सूर्यमालेबाहेरचे पहिले ग्रह १९९२ ला शोधले त्यातले वोल्शचान पण याच युनिव्हर्सिटीत शिकले. तिची वेधशाळा गावाबाहेर पिव्नित्से नावाच्या खेड्यात आहे, ३२ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे तिथं.

आईचा मुद्दा मात्र तसाच आहे. आम्ही शाकाहारी. अंडं चालतं, तेही आईसमोर नाही.

भडंग_आणि_चहा

वेधशाळा खेड्यात आहे म्हणजे डबा न्यावा लागणार. आईंना कामाला लावा.

कराडची_पण_बिदगोश्चात

मी सध्या तोरुनपासून पंचेचाळीस किलोमीटरवर बिदगोश्चला राहते, त्यामुळं तोरुनचं कौतुक करायला मला मनाई आहे 😂 या दोन गावांचं सांगली-कोल्हापूरपेक्षा वाईट आहे. १९९९ ला एकच प्रांत केला तेव्हा सरकारने नेमलेला अधिकारी बसवला बिदगोश्चात आणि लोकांनी निवडून दिलेली सभा ठेवली तोरुनला, म्हणजे कलेक्टर एका गावात आणि झेडपी दुसऱ्या गावात. तरी दोघंही धुसफुसतातच.

खाण्याचं. पिव्नित्से म्हणजे तळघरं, आमच्या ऑफिसात मी एकदा हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचं, सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना, असो. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही पण डोळे उघडे ठेवावे लागतात. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या समजा, बटाटा आणि पनीरसारख्या चक्क्याच्या मिळतात, त्यांना रुस्किए म्हणतात, त्या मागवायच्या पण सांगायचं की वरनं काही घालू नका, कारण वर तळलेल्या चरबीचे तुकडे टाकतात आणि त्यांच्या हिशोबी ते मांस नसतं, नुसती फोडणी असते. नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. सूप भाजीचं दिसलं तरी बहुतेकदा हाडाच्या पाण्यातलं. झुरेक तर विचारूच नका, त्यात सॉसेज. मिल्क बार म्हणून साधी खानावळ असते, नाव बार पण दारू नाही, कम्युनिस्ट काळात फार पसरल्या, तिथं चक्क्याचे घावन मिळतात, स्वस्त आणि पोटभर. केफिर म्हणजे ताकच. खसखशीचा रोल मिळतो त्यात आपल्या वर्षभराची खसखस एका तुकड्यात. गव्हाची चांगली कणीक मोठ्या शहरातल्या इंडियन दुकानातनं मागवावी लागते.

थंडीपेक्षा अंधार जड जातो हे तिला आधीच सांगा. डिसेंबरात साडेतीनला सूर्य मावळतो, पहिल्या वर्षी मी चारला जेवून झोपायची. पण १ नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतात, काचेतल्या मेणबत्त्या, हजारोंनी, संध्याकाळी स्मशानावर लाल-पिवळा उजेड दिसतो. दिवाळी आसपासच असते, मला पहिल्यांदा तिथंच घरची आठवण जास्त आली. आणि कुणी २४ डिसेंबरला जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, त्या रात्री मांस नसतं, मासा असतो, बाकी बिटाचं सूप, कोबी, मशरूम, बारा पदार्थ करतात, आणि एक ताट जास्तीचं मांडतात, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा म्हणाले बस, तुझंच आहे ते. फुलं न्यायची असतील तर विषम आकड्यात, सम फुलं मयताला.

फोन करताना लक्षात ठेवा, हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन. आईंचा सकाळी सातचा फोन म्हणजे तिची मध्यरात्र.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. आईने पूर्ण धागा ऐकला, चरबीच्या फोडणीपाशी तोंडाला पदर लावला आणि जास्तीच्या ताटापाशी म्हणाली, बरी आहेत की माणसं. आता यादी चाललीय, भडंग पाच किलो आणि पाच लिटरचा कुकर.

कराडची_पण_बिदगोश्चात

कुकर ॲल्युमिनियमचा नको! बऱ्याच फ्लॅटमध्ये इंडक्शनच असतं, त्यावर तो तापत नाही. स्टीलचा घ्या, तीन लिटरचा बास, आणि दोन रिंगा जास्तीच्या.